समुद्राच्या रंगाची नोंद तुटता कामा नये

सप्टेंबर १९२१. इंग्लंडहून निघालेली ‘नारकुंडा’ ही बोट मुंबई बंदरात लागली, तेव्हा तिच्यावर कलकत्ता विद्यापीठाचे बत्तीस वर्षांचे एक प्राध्यापक होते. चंद्रशेखर वेंकट रामन. प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना झपाटून टाकले होते. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. रामन यांनी जवळच्या निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिले, पृष्ठभागावरून परतणारा उजेड बाजूला काढला, तरी निळाई उरलीच; उलट अधिक खुलली. म्हणजे ती पाण्याच्या आतून येत होती. २६ सप्टेंबरची तारीख आणि मुंबई बंदराचा पत्ता असलेले त्यांचे टिपण ‘नेचर’ने छापले. प्रकाशाच्या विकिरणाचा हाच ध्यास पुढे १९२८ च्या ‘रामन परिणामा’पर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेला.

समुद्राचा रंग आतून येतो, या निरीक्षणावर आज उपग्रहांचे एक अख्खे शास्त्र उभे आहे, आणि भारत त्यातला जुना, जाणता देश आहे. १९९९ पासून आपले स्वतःचे उपग्रह अरबी समुद्राचा आणि बंगालच्या उपसागराचा रंग टिपत आले आहेत. या नोंदीकडे आपण मात्र मुख्यतः मासे कुठे मिळतील हे सांगणारे साधन म्हणून पाहतो. समुद्र बदलतो आहे का, कुठे आणि कशामुळे, हे सांगण्याची तिची ताकद त्याहून मोठी आहे. ती वापरायची तर नोंद अखंड हवी, किनाऱ्याजवळही विश्वासाची हवी आणि सगळ्या मच्छीमारांच्या कामाची हवी. या तिन्ही बाबतींत बरेच करायचे राहिले आहे.

रंगातून कळते तरी काय? शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळा विखुरते. म्हणून जीवसृष्टी विरळ असलेला खोल समुद्र निळाशार दिसतो. पाण्यात वनस्पतिप्लवक वाढले की चित्र पालटते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या तरंगत्या वनस्पतींतले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश खाते, हिरवा सोडून देते. त्यामुळे निळ्या पट्ट्यातला, म्हणजे ४४३ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड आणि ५५५ च्या आसपासचा हिरवा उजेड यांचे गुणोत्तर काढले, की पाण्यात हरितद्रव्य किती याचा अंदाज बांधता येतो. क्लार्क, युइंग आणि लॉरेन्झन या तिघांनी १९७० मध्ये विमानातून मोजमाप करून हे दाखवून दिले. आठच वर्षांनी, ऑक्टोबर १९७८ मध्ये, अमेरिकेच्या ‘निम्बस-७’ उपग्रहावरून समुद्राचा रंग मोजणारे पहिले यंत्र अवकाशात गेले.

पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पतींच्या वजनात या प्लवकांचा वाटा एक टक्काही नाही. तरीही प्रकाशसंश्लेषणाचे जवळपास निम्मे काम तेच करतात. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट, बोंबील या सगळ्यांच्या अन्नसाखळीची पहिली कडी तीच.

ही कडी अवकाशातून मोजणे फार नाजूक काम आहे. समुद्राकडे रोखलेल्या यंत्रापर्यंत जो उजेड पोचतो, त्यातला सुमारे नव्वद टक्के हवेतून विखुरलेला असतो. पाण्यातून वर आलेला उजेड उरलेल्या दहा टक्क्यांत. हवेचा वाटा वजा करताना थोडी चूक झाली, तरी समुद्राचा हिशेब पार कोलमडतो. म्हणून १९९७ पासून हवाई बेटांच्या लानाई किनाऱ्याजवळ एक तरंगते केंद्र पाण्यातला उजेड सतत मोजत आले आहे, आणि जगभरचे उपग्रह त्याच्याशी आपले आकडे ताडून पाहतात. अमेरिकेचा ‘सीविफ्स’ संवेदक वाहणारा उपग्रह तर दर महिन्याला वळवून चंद्राकडे रोखला जाई. चंद्राचा पृष्ठभाग बदलत नाही. त्यामुळे यंत्राची नजर मंदावली तर ती तिथे लगेच पकडली जाते. रंगाच्या एका आकड्यामागे एवढी राखण असते.

भारताने या क्षेत्रात उसने अवसान आणून उडी घेतली नाही. १९९६ च्या ‘आयआरएस-पी३’वर जर्मन संवेदक बसवून आपण अनुभव घेतला. २६ मे १९९९ रोजी पीएसएलव्हीने श्रीहरिकोटाहून ‘ओशनसॅट-१’ नेला. त्यावरचे समुद्राचा रंग मोजणारे यंत्र अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने घडवले होते. आठ पट्टे, ३६० मीटरचा बारकावा, १४२० किलोमीटर रुंदीची नजर आणि दर दोन दिवसांनी त्याच पाण्यावर पुन्हा फेरी. ‘सीविफ्स’चा बारकावा सुमारे एक किलोमीटरचा होता, त्या काळात भारतीय यंत्र किती पुढचे होते, हे एवढ्यावरून दिसते. २००९ मध्ये ‘ओशनसॅट-२’ आला. त्यानंतर मात्र थेट २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओशनसॅट-३’ गेला. त्यावरच्या यंत्रात तेरा पट्टे आहेत.

या उपग्रहांचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे मासेमारीचा सल्ला. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांचे नकाशे एकत्र वाचते. थंड आणि कोमट पाण्याची सीमा आणि हिरव्या पाण्याची कड जिथे जुळते, तिथे प्लवक साचतात, त्यांच्यामागे छोटे मासे येतात आणि छोट्यांमागे मोठे. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर जायचे, हे मराठीसह किनारपट्टीच्या भाषांतून कळवले जाते. अंदाजाने भटकणे कमी झाले की डिझेल वाचते, वेळ वाचतो, खलाशांचे हाल कमी होतात. अवकाश कार्यक्रमाचा इतका थेट लाभ सामान्य कष्टकऱ्याला देणारी उदाहरणे जगात फार नाहीत. याचे श्रेय शास्त्रज्ञांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पण हा सल्ला सगळ्यांच्या सारखाच कामी येत नाही. वेसावे, उरण, सातपाटीचा डोलकर आपली जाळी ठरलेल्या जागी, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर लावतो. उधाण आणि भांग पाहून त्याचे दिवस ठरतात. चाळीस-पन्नास किलोमीटरवर मासे गोळा झाल्याचे कळून त्याला काय उपयोग? तिथवर जायला मोठे इंजिन, बर्फाचा साठा आणि भांडवल लागते. ते ज्याच्याकडे आहे, त्याला हा सल्ला अधिक बळ देतो. पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला संघर्ष कोकणाला नवा नाही. महाराष्ट्र सरकारला २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले. प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. अशा किनाऱ्यावर मासे कुठे आहेत एवढेच सांगणारी सेवा अपुरी आहे. किती धरायचे आणि कधी थांबायचे, हे सांगण्यासाठीही तोच रंग वापरता येतो.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर हे झाले आहे. ट्रेव्हर प्लॅट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिथल्या हॅडॉक माशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वसंतात प्लवकांचा बहर ज्या वर्षी लवकर आला, त्या वर्षी हॅडॉकची पिल्ले जास्त संख्येने जगली. १९८१ आणि १९९९ या दोन वर्षांत पिल्लांचे पीक असाधारण होते, आणि दोन्ही वर्षी बहर फार लवकर आलेला उपग्रहांना दिसला होता. पिल्लांना अन्न वेळेवर मिळाले की नाही, यावर पुढच्या वर्षांची मासेमारी ठरते, हा जुना तर्क होता. रंगाच्या नोंदीने त्याला पुरावा दिला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले. कोवळी पापलेटे जाळ्यात सापडून बाजारात जातात, ही पालघरच्या किनाऱ्याची जुनी चिंता आहे. प्लवकांचा बहर आणि पापलेटाच्या पिल्लांचे जगणे यांचा असाच मेळ आपल्या किनाऱ्यावर बसवून पाहिला, तर १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळाला आणि जाळ्यांच्या नियमांना भक्कम आधार मिळेल.

त्यासाठी लांब पल्ल्याची नोंद लागते. ती का, हे अरबी समुद्रानेच दाखवले आहे.

२००५ मध्ये मूळचे गोव्याचे जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ‘सीविफ्स’च्या सुमारे सात वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी मांडले की पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी प्लवक साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढले आहेत. कारणही दिले: हिमालय-तिबेटवरचे बर्फ घटते आहे, त्यामुळे जमीन अधिक तापते, नैर्ऋत्य वारे जोर धरतात आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खालचे पोषक पाणी वर येते. २०१६ मध्ये पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष उलट दिशेचा आला. समुद्राचा वरचा थर तापल्याने खालच्या थंड, पोषक पाण्याशी त्याचे मिसळणे कमी झाले. उपग्रहांच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूपे यांवरून, पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले.

दोन्ही गट जाणकारांचे, दोन्ही अभ्यास नामांकित नियतकालिकांतले. फरक बराचसा काळाच्या पल्ल्याचा आहे. एका पावसाळ्यात विहिरीचे पाणी मोजून गावाचा ताळेबंद मांडता येत नाही, तसेच सात वर्षांच्या रंगावरून समुद्राची दिशा ठरत नाही. मान्सून कमी-जास्त होतो, एल निनो येतो-जातो, हिंदी महासागराचा स्वतःचा झोका आहे. स्टेफनी हेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला की हरितद्रव्याच्या नोंदीत हवामान बदलाचा ठसा नैसर्गिक चढउतारापासून वेगळा ओळखायला सुमारे चाळीस वर्षांची अखंड नोंद लागते. २०२३ मध्ये केल आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. फक्त हरितद्रव्य न पाहता अमेरिकेच्या ‘अ‍ॅक्वा’ उपग्रहाने टिपलेल्या रंगाच्या सगळ्या पट्ट्यांचा एकत्रित विचार केला, तेव्हा वीसच वर्षांत जगाच्या ५६ टक्के महासागराचा रंग बदललेला आढळला. एकाच उपग्रहाने वीस वर्षे न थांबता पाहिले, म्हणून हे शक्य झाले.

नोंद तुटली की काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. ‘निम्बस-७’वरचे यंत्र १९८६ मध्ये बंद पडले. जपानचा ‘अ‍ॅडिओस’ १९९६ मध्ये गेला आणि वर्षभरात निकामी झाला. ‘सीविफ्स’ ऑगस्ट १९९७ मध्ये पोचला. मधली दहा वर्षे समुद्राचा रंग पाहणारे अवकाशात कोणीही नव्हते. पृथ्वी वेगाने तापू लागली होती नेमक्या त्या काळात. ती वर्षे आता कितीही पैसा ओतला तरी परत मोजता येणार नाहीत.

म्हणूनच ‘ओशनसॅट-२’ आणि ‘ओशनसॅट-३’ यांच्यातले तेरा वर्षांचे अंतर काळजी वाढवणारे आहे. ‘ओशनसॅट-२’ पाच वर्षांच्या आयुष्यासाठी बांधला होता; तो त्याहून खूप जास्त टिकला, ही बांधणाऱ्यांची करामत. पण एका म्हाताऱ्या यंत्राच्या चिवटपणावर देशाची नोंद अवलंबून ठेवणे हे नियोजन नव्हे. नव्या आणि जुन्या यंत्राने काही काळ एकाच वेळी तेच पाणी पाहिले पाहिजे, तरच दोघांचे आकडे जुळवता येतात. युरोपने ‘सेंटिनेल-३’ मालिकेत २०१६ आणि २०१८ मध्ये दोन सारखे उपग्रह पाठवले, आणि सुरुवातीला ते एकामागोमाग अगदी जवळ ठेवून ताडून पाहिले. शिस्त म्हणतात ती ही.

परक्यांच्या नोंदींवर विसंबता येणार नाही, हेही दिसून चुकले आहे. अमेरिकेचा ‘पेस’ हा उपग्रह ८ फेब्रुवारी २०२४ रोजी गेला. त्याआधी तिथल्या सरकारने अनेक अर्थसंकल्पांत तो गुंडाळण्याचा प्रस्ताव ठेवला होता. तिथल्या संसदेने पैसे दिले म्हणून तो वाचला. हा उपग्रह मोजक्या पट्ट्यांऐवजी अतिनीलापासून अवरक्ताच्या सीमेपर्यंत अखंड वर्णपट वाचतो. त्यामुळे हिरवा रंग नेमका कोणत्या प्लवकांचा, हे ओळखण्याची वाट मोकळी होते.

आपल्या समुद्राला याची गरज आहे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात कोरडे थंड वारे वरचे पाणी गार करतात, ते खाली बुडते, खालचे पोषक पाणी वर येते आणि फेब्रुवारीच्या सुमारास मोठा बहर येतो. पूर्वी त्यात डायटम या प्लवकांचे राज्य असे. या शतकात त्यांची जागा ‘नॉक्टिल्युका’ या हिरव्या जीवाने घेतल्याचे हेल्गा गोमेस, गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. रात्री लाटा निळ्या उजळवणारा हाच जीव. डायटम माशांच्या अन्नसाखळीत सहज सामावतात. नॉक्टिल्युकावर मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्पसारखे प्राणी जगतात. त्याच्या वाढीचे कारण काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण साध्या नकाशावर दोन्ही बहर हिरवेच दिसतात, आणि कोळ्याच्या पोटापाण्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

किनाऱ्याजवळ अडचण आणखी वाढते. निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तराचा नियम खोल, स्वच्छ समुद्रासाठी बेतलेला आहे. खंबातच्या आखाताचा गाळ, मुंबईच्या खाड्यांतला चिखल, नद्यांतून आलेला कुजका पालापाचोळा हे सगळे पाण्याला आपापला रंग देतात. हवेचा वाटा वजा करताना, अवरक्तात समुद्र काळा असतो असे धरले जाते; गढूळ पाणी तिथेही चमकते आणि हिशेब चुकतो. मग गाळालाच हरितद्रव्य समजले जाते. खाड्या तर ३६० मीटरच्या ठिपक्यात मावतच नाहीत. दाभोळ खाडीचे मच्छीमार कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. त्यांच्या पाण्याबद्दल अवकाशातून बोलायचे, तर खाडीत उतरून मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘इस्रो’ने लक्षद्वीपमधल्या कवरत्तीजवळ उपग्रहाची पडताळणी करणारे तरंगते केंद्र उभारले, पण तिथले पाणी नितळ. ‘इन्कॉइस’ची कोची आणि विशाखापट्टणमजवळची पाण्याच्या गुणवत्तेची केंद्रे ही योग्य दिशा आहे. महाराष्ट्राच्या गढूळ किनाऱ्याची भाषा उपग्रहाला शिकवायची, तर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाण्यात कायम मोजणारी यंत्रे हवीत.

आणि मग पावसाळा. अरबी समुद्रातली उलथापालथ सर्वाधिक तेव्हाच असते आणि नेमके तेव्हाच ढगांचे छत रंग दिसू देत नाही. जून ते सप्टेंबरचे नकाशे ठिगळांचे असतात. ही उणीव पाण्यात बुडून आपणहून मोजणाऱ्या तरंगकांनीच भरून निघेल. समुद्राच्या वरच्या दोन किलोमीटरांतून खाली-वर करत तापमान, क्षारता मोजणाऱ्या आर्गो तरंगकांच्या जागतिक मोहिमेत भारत आहेच. त्यांतल्या अधिकांना हरितद्रव्य आणि प्राणवायू मोजणारी यंत्रे बसवली पाहिजेत.

यातले काहीही आवाक्याबाहेरचे नाही. केंद्र सरकारने ओशनसॅट मालिकेतला पुढचा उपग्रह आधीचा पूर्ण धडधाकट असतानाच जाईल, असे वेळापत्रक संसदेसमोर मांडावे आणि त्याचा पैसा राखून ठेवावा. त्याच्यावर अखंड वर्णपट वाचणारे यंत्र असावे. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याने गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला, कोकणातल्या महाविद्यालयांना आणि मच्छीमार सोसायट्यांना बरोबर घेऊन किनाऱ्यावर मोजणीची केंद्रे उभारावीत. रोज समुद्रात जाणाऱ्या तांडेलाइतका नियमित निरीक्षक दुसरा मिळणार नाही, आणि त्याला या कामाचा मोबदला मिळावा. ‘इन्कॉइस’च्या मराठी सल्ल्यात मासे कुठे आहेत याच्या जोडीला बहर कोणता आहे, पिल्लांचा हंगाम कुठे सुरू आहे आणि कोणते पाणी या आठवड्यात सोडून द्यावे, हेही यावे. डोलकराला त्याच्या खुंटावर कामी येईल अशी माहिती त्यात असावी. किनाऱ्याच्या जिल्ह्यांतल्या आमदार-खासदारांनी बंदर आणि डिझेल परताव्याइतक्याच आग्रहाने ही मागणी लावून धरावी, आणि मतदारांनी त्यांना तसे विचारावे.